दोर सोडू नका!

विसर्जनाच्या दिवशी लालबागला उभं राहून बघा. मूर्तीभोवती दोर धरलेली पोरं. घामाने चिंब, घसा बसलेला. ‘दादा, जरा मागे! ताई, बाळाला उचलून घ्या!’ एवढ्यावर गर्दी सरकते. ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. पण हल्ली आपलाच धीर सुटत चाललाय. गर्दी ऐकत नाही? द्या शॉक!

पोलिसांच्या हाती टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, द्यावं असं म्हणणारे अगदीच चूक नाहीत. चाकू घेऊन धावणाऱ्याला गोळी घालण्यापेक्षा झटका बरा. मान्य. पण तेवढ्यापुरताच!

टेझरचे तारेला जोडलेले दोन काटे अंगात रुततात, स्नायू आखडतात, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. मोकळ्या जागीही डोकं फुटू शकतं. मग खच्चून भरलेल्या जिन्यावर? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत काय झालं, हे परळकरांना कुणी सांगायला नको.

२००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवर विमानतळावर रॉबर्ट जिकान्स्की हा पोलिश माणूस तासन्‌तास अडकला होता. इंग्रजी येत नव्हतं, बिथरला होता. पोलिसांनी टेझर एकदा नाही, पुन्हा पुन्हा चालवला. तो तिथेच गेला. एका प्रवाशाने चित्रीकरण केलं होतं, म्हणून खरं जगाला दिसलं. पुढे चौकशी आयोगानेही तो वापर असमर्थनीय ठरवला.

बळाचा हिशेब मागणं आपल्याला नवीन नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. त्याच जागच्या हुतात्मा चौकावरून आपण रोज जातो.

आणि पोलीस कोण परके? नायगावच्या वसाहतीतले, आपल्याच ओळखीचे. बंदोबस्तात पाय सुजेपर्यंत उभे राहतात. नियम स्पष्ट असले तर त्यांचीही मान सुरक्षित राहते.

म्हणून गणपतीआधीच्या पोलीस-मंडळ बैठकीत नुसती परवान्यांची चर्चा नको. शांतपणे विचारूया: झटक्याची हत्यारं येणार आहेत का? प्रशिक्षण कोण देणार? गर्दीत, गरोदर बाईवर, लहान मुलावर ती वापरायला बंदी असेल ना? प्रत्येक वापराची नोंद आणि लगेच डॉक्टरी तपासणी होणार का? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करू. एक पान पुरतं. चाळीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाला गाठा, मसुदा चोख होईल.

दोर धरायला यंदा मुलींनाही पुढे घेऊ. मिरवणुकीत नुसतं नाचणाऱ्यांनीही तासभर हात लावावा. तळवे सोलवटतात, आधीच सांगून ठेवतो.