आधी लोकल, मग गेटवे

तुतारी एक्स्प्रेस सकाळी दादरला येते तेव्हा फलाटावर माणसांइतकंच सामान उतरतं. सुतळीने तोंड आवळलेलं पोतं, नारळांनी फुगलेली पिशवी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला फणस. पोत्यात उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, काजूगर. एवढा वानवळा घेऊन कुडाळ-सावंतवाडीकडून आलेली आई आणि तिला उतरवून घ्यायला आलेला मुलगा यांचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं. 'एवढं कशाला आणलंस?' 'असू दे.' मग तो पोतं खांद्यावर टाकतो, दादरचा पूल चढतो आणि तिला घेऊन डोंबिवलीची गाडी पकडतो.

आपल्याच माणसाचे आभार मानायची रीत मराठी घरांत फारशी नाही. मुलाने 'थँक्यू' म्हटलं तर आईला ते परकेपणाचं वाटेल. तिचे आभार पोत्यात असतात आणि त्याचे ते पोतं उचलण्यात. ही रीत सुंदर आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. दोघांनाही एकमेकांचे कष्ट दिसत नाहीत. भात भिजवायचा, उकडायचा, उन्हात वाळवायचा, राखत बसायचं, गिरणीतून भरडून आणायचा, तेव्हा कुठे ते तांदूळ पोत्यात पडतात. शहरातल्या ताटात यातलं काही उमटत नाही. आणि मुलगा 'ऑफिसला जातो' म्हणजे नेमकं काय करतो, हे गावातल्या आईला माहीत नसतं. मुंबईची भेट ही दरी बुजवायची चांगली संधी असते. बहुतेक घरं ती स्थळदर्शनात खर्च करतात.

पूर्वीच्या पाहुण्यांना यजमानाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नसे. 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली होती 160 चौरस फुटांची. त्यात कुटुंब, गावाहून शिकायला आलेला पुतण्या आणि वर पाहुणा. रात्री पुरुषमाणसं चटया घेऊन बाहेर जात, तेव्हा आत बायकामुलांना पाठ टेकता येई. पाहुण्याला जागा कुणी आणि कशी करून दिली, हे त्याला डोळ्यांनी दिसत असे. गावोगावच्या मंडळींनी मिळून चालवलेल्या खोल्या आणि गोवेकरांचे धोबीतलावकडचे 'कूड' यांनीही अशीच नवख्यांची सोय केली. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे आता पाहुण्याची गादी आतच पडेल, ही आनंदाची गोष्ट आहे.

आजच्या यजमानाकडे टंचाई आहे ती वेळेची. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर जवळपास 48 किलोमीटर. जलद लोकलनेही तासाहून अधिक वेळ लागतो, तोही एका बाजूचा. उरतो रविवार, आणि रविवारी मेगाब्लॉक. मग टॅक्सी ठरते. सकाळी सिद्धिविनायक, दुपारी राणीच्या बागेतले पेंग्विन, संध्याकाळी गेटवे. 1924 साली पूर्ण झालेल्या त्या कमानीसमोर फोटो निघतो, गावच्या ग्रुपवर जातो आणि 'आईला मुंबई दाखवली' या समाधानात दिवस मावळतो. आईला गेटवे दिसला. मुलाची मुंबई मात्र गाडीच्या काचेपलीकडे राहिली.

म्हणून एक आग्रहाची सूचना. कामाच्या आठवड्यातली एक रजा आईसाठी काढावी आणि तिला आपल्या रोजच्या वाटेने न्यावं. पहिल्या गर्दीत नव्हे, अकराच्या सुमारास. तिकिटाच्या रांगेपासून सुरुवात करावी. इंडिकेटरवरचा 'एस' म्हणजे धिमी आणि 'एफ' म्हणजे जलद, हे तिला वाचू द्यावं. शक्यतो सुनेबरोबर बायकांच्या डब्यात पाठवावं, कारण तिथे वेगळंच गाव नांदत असतं. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकायला कोपरा मिळतो. 'कुठे उतरणार?' एवढं विचारून उठणारीची जागा आधीच ठरवली जाते. कुणी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलते, कुणी क्लिपा आणि रबरबँड विकत पुढे सरकते. ठाणं आलं की दारातून बायकांचा लोंढा आत घुसतो. आईच्या मांडीवर अनोळखी मुलीची बॅग येते आणि पुढचा अर्धा तास ती दोन्ही हातांनी धरून बसते. 1992 साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल का सोडावी लागली, हे तिला तिथे कुणी सांगायची गरज उरत नाही.

गाडी थांबते ती 2004 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या इमारतीत. तिथून पुढचा दिवस छोट्या धाडसांचा. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पकडायची. 1937 पासून मुंबईच्या रस्त्यांवर असलेली ही दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये डिझेलच्या रूपात निवृत्त झाली, पण तिच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बहिणी त्याआधीच आल्या होत्या. मग ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागलेली भुयारी मेट्रो. इथे खरी परीक्षा सरकत्या जिन्याची. एका हाताने निऱ्या सावरलेल्या, दुसरा हात पट्ट्यावर, आणि पहिलं पाऊल टाकायच्या आधी तीन पायऱ्या उगाच निघून जाऊ दिलेल्या. चौथीवर ती चढते. खाली पोचल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते गेटवेच्या फोटोत कधी येत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: या वयात गर्दी कशाला? ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांना टॅक्सीनेच न्यावं, यात शंका नाही. पण शेताच्या बांधावरून रोज चालणाऱ्या बाईला केवळ काळजीपोटी घरात टीव्हीसमोर बसवून ठेवणं, हे तिचा मान राखणं नव्हे. शासनालाही हे अर्धंमुर्धं कळलं आहे. एसटीने ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला, मार्च 2023 मध्ये महिलांना निम्मं तिकीट दिलं, आणि गावाकडची कितीतरी माणसं लेकीबाळींकडे जायला पुन्हा घराबाहेर पडली. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये थांबवली, ती अजून परत आलेली नाही. ती परत यायला हवी. मुलांना भेटायला निघालेल्या आईबापांना ती एक वाढीव खेप देऊन जाईल.

आणि हिशेब दोन्हीकडून व्हायला हवा. आईने एक दिवस लोकलमध्ये काढला, तर मुलाने फक्त गणपतीच्या पाच दिवसांपुरतं गावी न जाता, भात उकडायच्या वेळीही दोन दिवस अंगणात काढावेत. चुलीवरचं ते भांडं उतरवताना हाताला लागणारी धग एकदा कळली की ताटातल्या पेजेची चव बदलते.

परतीच्या तुतारीत पोतं रिकामं जात नाही. त्यात साखरेचा पुडा, नातवाचे आखूड झालेले कपडे, सुनेने दिलेली साडी असते. गावात पोचल्यावर शेजारणी जमतात, गेटवेचं विचारतात, आणि आई सांगते ती ठाण्याला डब्यात चढलेल्या बायकांची गोष्ट. त्या पोरीची बॅग किती जड होती आणि तिने उतरताना 'मावशी, येते' कसं म्हटलं, हेही. संध्याकाळी मुलाला फोन लागतो. आजवर पहिला प्रश्न असायचा, 'जेवलंस काय?' आता त्याच्याही आधी दुसरा आला आहे. 'आज गाडयेत बसाक जागा गावली काय रे?'