परसातील 'मदत' आणि हराळीच्या मुळ्या

माघ सरत येतो, पहाटेचा गारठा ओसरतो, दुपारचे ऊन अंगाला जाणवू लागते, आणि ज्यांच्या घरामागे अद्याप चार हात मोकळी जमीन शिल्लक आहे अशा घरांत परस खणण्याची बोलणी सुरू होतात. मेथी-मुळ्याचे वाफे रिकामे झालेले असतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका ही उन्हाळी भाजी लावायची तर जमीन वेळेवर मोकळी झाली पाहिजे. मग एखादा रविवार ठरतो. कचेरीत जाणारे गृहस्थ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कुदळ हाती घेतात, महाविद्यालयात शिकणारा मुलगा पावडे सांभाळतो, धाकटी पाटीतून दगडगोटे वाहते. दोन-अडीच तास हे चालते. घाम येतो, तळहाताला फोड येतात, आणि मग भज्यांच्या ताटाभोवती बसून त्या फोडांचे यथास्थित कौतुक होते. भजी कोणी तळली हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

संध्याकाळी शेजाऱ्यांपाशी या पराक्रमाचे वर्णन होते तेव्हा एक वाक्य ठरलेले असते : 'आज आम्ही सगळ्यांनी हिला बागेत मदत केली.' वाक्य निरुपद्रवी आहे, प्रेमळही आहे. परंतु त्यातील 'मदत' हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मदत नेहमी दुसऱ्याच्या कामात केली जाते. घरातील दहा माणसे ज्या वाफ्यातील भेंडी खाणार, तो वाफा एका बाईचा कसा ठरला? आणि तो तिचा आहे असे मानायचेच झाले, तर मग सात-बाराच्या उताऱ्यावर वा घरपट्टीच्या पावतीवर तिचे नाव सहसा का आढळत नाही? काम तिचे, जमीन घरातल्या पुरुषाची आणि भाजी सर्वांची, अशी ही विभागणी आपण इतकी सहज स्वीकारली आहे की तिच्यातील विसंगती आपल्याला दिसेनाशी झाली आहे.

प्रस्तुत लेखकाचे बालपण सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी गेले. घरामागे परस होता, आणि त्यात हराळी होती. ज्यांनी कधी जमीन खणलेली नाही त्यांना हराळी म्हणजे काय हे सांगावे लागेल. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो तीच ही. अमरकोशाने तिला 'शतपर्विका' म्हटले आहे, शेकडो पेरांची. हा शब्द घडविणाऱ्याने परस खणला होता की नाही कोण जाणे, पण त्याने वनस्पती मात्र नीट पाहिली होती. हराळीच्या जमिनीखालून धावणाऱ्या खोडाला पेरापेरावर डोळे असतात. कुदळीचा घाव बसून त्या खोडाचे चार तुकडे झाले की हराळी मरत नाही. ओल मिळताच चार ठिकाणी नव्याने फुटते. लव्हाळ्याची गोष्ट तशीच, त्याच्या तर जमिनीत गाठीच असतात. तेव्हा नुसती कुदळ चालवून माती उलथीपालथी करणे आणि लगेच पाणी देऊन बी टाकणे म्हणजे तणाची पद्धतशीर लागवड करणे होय.

आमच्या घरी हेच दरवर्षी होत असे. वडील आणि काका मोठ्या आवेशाने खणीत. आवेश इतका, की माती वाफशावर आहे की नाही हेही पाहिले जात नसे. ओल जास्त असली तर काळ्या मातीची ढेकळे पडत आणि ती वाळून विटेसारखी होत. दुपारी पुरुषमंडळी आंघोळी करून झोपत. दुसऱ्या दिवशीपासून आजी खुरपे घेऊन बसे. ढेकळे फोडायची, मुळ्यांचे तुकडे एकेक वेचायचे, बांधावर उन्हात पसरायचे. हे काम उकिडवे बसून करायचे असते, त्याला आवेश लागत नाही आणि त्याचे फोडही कोणी पाहत नाही. आठ-दहा दिवस ती ते करी. स्वयंपाक, धुणे, माझ्या धाकट्या भावाची राखण हे सारे सांभाळून. एकदा मी तिला मोठ्या ऐटीत विचारले, 'आजी, मी पण कुदळ मारू का?' ती म्हणाली, 'कुदळ मारायला समदेच येत्यात रं बाबा. मुळ्या येचायला ये.' मी गेलो नाही. मला कुदळच हवी होती.

तिचे म्हणणे बागकामाच्या दृष्टीनेही अगदी शास्त्रशुद्ध होते, हे पुष्कळ उशिरा उमगले. तिला विचारले असते तर तिने अर्धा परसच लागवडीला घेतला असता आणि उरलेला अर्धा खणून चैत्र-वैशाखाच्या उन्हात तसाच तापू दिला असता. उघड्या पडलेल्या मुळ्या करपतात, पुन्हा एकदा माती हलविली की उरलेल्याही वर येतात, आणि मृगाच्या पावसावर निर्धास्तपणे बी टाकता येते. काही वर्षे ती एका कोपऱ्यात हे करीतही असे. तो कोपरा स्वच्छ राही. पण खणण्याचा दिवस ठरवीत पुरुष, किती खणायचे तेही तेच ठरवीत, आणि वर त्याला मदत म्हणत. ज्या मदतीने ज्याला मदत केली त्याचेच काम दुप्पट होते, तिला दुसरे काही नाव असावयास हवे.

यावर आक्षेप येईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. एका रविवारी का होईना, बाप-लेक, भाऊ-बहीण मातीत एकत्र उतरतात, मुलांना गांडूळ आणि हुमणी यांतला फरक कळतो, भाजी कोठून येते ते समजते. हे काय थोडे झाले? १९६५ साली अन्नटंचाईच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला होता, तोही एक संकेतच होता, आणि त्या संकेताचे मोल कोणी नाकारणार नाही. मान्य. खणण्याच्या दिवसाचा आनंद प्रस्तुत लेखकाच्याही आठवणीत आहे. परंतु देशाच्या पंतप्रधानाने संकेत करणे आणि घरच्या कर्त्या पुरुषाने वर्षानुवर्षे संकेतावरच थांबणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. भेंडीला दिवसाआड पाणी लागते. तिला संकेत कळत नाही.

हा प्रश्न एका परसापुरता असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्या सरकारी दप्तरांनाही 'मदत' या शब्दाचीच सवय जडलेली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक सांकेतिक क्रमांकांत ९२ हा क्रमांक केवळ घरकाम करणाऱ्यांचा, आणि ९३ हा घरकाम सांभाळून घरच्यासाठी भाजीपाला, सरपण, चारा गोळा करणे, शिवणकाम करणे अशी कामे करणाऱ्यांचा. हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. म्हणजे तीच भेंडी बाजारात विकण्यासाठी पिकविली तर ती बाई शेतीकाम करणारी, आणि घरच्या ताटात वाढण्यासाठी पिकविली तर काहीच न करणारी. कारकुनी करणाऱ्या वाचकांना हे रकाने नवे नाहीत. अर्जावर आईच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' लिहिताना आपल्यापैकी कितीजणांचा हात क्षणभर तरी थबकला असेल?

२०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी झाली. तिच्यात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांचा, अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब विचारला जातो. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, पुरुषांचे २६.१ टक्के निघाले. आणि जे करतात त्यांतही स्त्रियांची दिवसाची २९९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ व ८८ असे आले, म्हणजे मिनिटे दोघांचीही घटली आणि अंतर होते तसेच राहिले. पाहणी करणारा नेमका सोमवारी दाराशी आला, तर रविवारच्या कुदळीचे दोन तास गृहस्थांच्या नावे बिनचूक मांडले जातील. तान्ह्याला मांडीवर घेऊन मुळ्या वेचणाऱ्या बाईला तो अर्धा तास मुलाच्या खाती सांगावा की मातीच्या, हाच प्रश्न पडेल. आणि बहुधा ती तो सांगणारच नाही, कारण ते काम आहे असे तिला कोणी कधी म्हटलेले नाही.

शिक्षकांशी मात्र वेगळे बोलावयाचे आहे. २०१९ सालीच केंद्र सरकारने शाळांतील परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही गोष्ट चांगलीच आहे. बुनियादी शिक्षणाचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडला गेला तेव्हापासून आपण हे बोलत आलो आहोत. पण अशी बाग प्रत्यक्षात कशी चालते हे एका शाळेत पाहावयास मिळाले. वाफे खणण्याच्या दिवशी मुलांच्या हाती कुदळी होत्या, मुलींच्या हाती झारे. छायाचित्र सुरेख आले असावे. पुढे महिनाभर पाणी कोण घालते असे विचारले तेव्हा बाईंनी सहज उत्तर दिले, 'मुलीच घालतात, त्या नीट करतात.' त्या नीट करतात कारण त्यांना घरी ते करावेच लागते, आणि मुलगे नीट करीत नाहीत कारण त्यांना कोणी करावयास लावीत नाही. शाळेने घरातला रिवाज तोडावयाचा की त्याची तालीम घ्यावयाची?

उपाय फार मोठा नाही. खणण्याचा एक दिवस सर्वांनी वाटून घेण्याऐवजी वाफेच वाटून घ्यावेत. ज्याचा वाफा त्याने खणावा, त्यानेच मुळ्या वेचाव्यात, पाणी घालावे, कोंबड्या हाकलाव्यात, तोडणी करावी; आणि वाफा वाळून गेला तर ती लाजही त्याचीच असावी. सदनिकेत राहणाऱ्यांना हे गच्चीवरच्या दोन कुंड्यांवरही करून पाहता येईल. शाळेत एक वाफा एका मुलाला आणि एका मुलीला मिळून द्यावा, झारा आणि कुदळ आठवड्याआड बदलावी, आणि हजेरीपटासारखी पाण्याची नोंद फळ्याच्या कोपऱ्यात ठेवावी.

आमच्या त्या परसावर आता घर उभे आहे. पायरीच्या फटीतून मात्र दर पावसाळ्यात हराळी डोके वर काढते. भाद्रपदात घरची मंडळी तिच्याच दूर्वा खुडतात, आणि एरवी ती उपटून टाकण्याचे काम अजून वहिनींकडेच आहे.