एमबीएची जागा तहसील कार्यालयात गमावू नका

पदवीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाड पट्ट्यातील अनेक घरांत "आता एमबीए कर" असे सांगितले जाते. कोणत्या कॉलेजातून, किती पैशांत आणि कशासाठी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. जाहिरात पाहून जवळच्या खासगी कॉलेजात पैसे भरले जातात. दोन वर्षांनी हाती येणारी नोकरी पुष्कळदा बी.कॉम.वरही मिळाली असती अशीच असते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : एमबीए करायचे तर स्पर्धेतून मिळणाऱ्या चांगल्या संस्थेतच करावे. पहिल्या वर्षी जमले नाही तर नोकरी धरावी आणि पुन्हा परीक्षा द्यावी. कोणत्याही कॉलेजासाठी घर कर्जात घालू नये.

चांगली संस्था म्हणजे केवळ अहमदाबादची आयआयएम नव्हे. तिथे दोन वर्षांचे शुल्क २० लाखांच्या वर जाते. आपल्या अनेक घरांत व्याजाच्या कर्जाला मनापासून नकार असतो, तेव्हा शुल्काचा विचार आधीच करायला हवा. चर्चगेटजवळची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून चालू आहे. सिडनहॅमची व्यवस्थापन संस्थाही शासकीय आहे. दोन्हींचे शुल्क आयआयएमच्या मानाने खूप कमी आहे आणि प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतो. पवईची नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथे मात्र कॅट द्यावी लागते.

दोन्ही परीक्षांची रीत वेगळी आहे. सीईटीत आजवर १५० मिनिटांत २०० प्रश्न येत आले आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. इथे वेग लागतो. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण जातो, म्हणून तिथे प्रश्न निवडता आले पाहिजेत. बजाजसाठी ९९ च्या बरेच वर पर्सेंटाइल लागते. ते रोजच्या सरावाने येते. आठवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या आणि प्रत्येक चूक वहीत लिहा.

एवढे करूनही जागा हातची जाते ती कागदांमुळे. ओबीसी यादीतील मुस्लिम बिरादऱ्यांच्या मुलांना राज्याच्या प्रवेशात जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. आयआयएमसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यात हवा. नुसता राज्याचा दाखला तिथे चालत नाही. जे कोणत्याच आरक्षणात नाहीत आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी इतर अटी तपासून ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. २०१४ मध्ये मुस्लिमांसाठीचा ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला आणि वर्ष संपेपर्यंत तो संपलाही. त्याचे दुःख करताना ईडब्ल्यूएसचा हक्क मुस्लिम कुटुंबांनाही आहे, हे आपण घरोघर सांगितले नाही. अंजुमन-ए-इस्लामच्या अल्लाना संस्थेत अल्पसंख्याक जागा आहेत, त्याही लक्षात ठेवाव्यात. वैधतेच्या कामाला महिने लागतात. अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करा.

मुलाखतीत "कुठून आलात?" असे विचारले तर भातसानगरचे नाव दबक्या आवाजात घेऊ नका. मुंबईला जवळपास निम्मे पाणी भातसा धरण देते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील गावे टँकरची वाट पाहतात. पाणी कोणाचे, खर्च कोणाचा, वाटप कसे, हा व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे. शहरातला उमेदवार तो पुस्तकात वाचतो, तुम्ही तो रोज पाहता. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा साध्या, बरोबर इंग्रजीत हे सांगितलेत तर समोरचे लक्ष देऊन ऐकतील.

मुलींबाबत वेगळे बोलले पाहिजे. आसनगावहून लोकलने मुंबई गाठायला सुमारे दोन तास लागतात, आणि भातसानगरहून आसनगावला पोहोचायचे ते वेगळेच. रोजची ये-जा हे कारण सांगून मुलीचे नाव काढून घेण्याऐवजी पालकांनी वसतिगृहाची चौकशी करावी.

शेवटी समाजाचे काम. सभागृह बांधायला आपल्याकडे वर्गणी जमते. त्याच सभागृहात रविवारी सकाळी सराव परीक्षा घेता येईल आणि दाखल्यांचे अर्ज भरून देणारे दोन जाणते तरुण बसवता येतील. याला मोठा निधी लागत नाही. आणि ही मदत मोहल्ल्यापुरती ठेवू नये. शेजारच्या पाड्यावरची ठाकूर, कातकरी मुलेही याच कागदांवर अडतात, त्यांनाही त्याच बाकावर जागा द्यावी.