मानेतली गाठ आणि सुईची भीती

‘गाठीला सुई टोचली की कॅन्सर भडकतो,’ असे आपल्या वस्त्यांत सर्रास बोलले जाते. बंधू-भगिनींनो, रोग वाढतो तो सुईने नव्हे, टाळाटाळीने! बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढल्याने कॅन्सर पसरण्याचा धोका नगण्य आहे. गाठ खोल असली तर डॉक्टर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर सुईचे टोक पाहत, रक्तवाहिन्या चुकवत नेमक्या जागी पोचतात. बहुधा दवाखान्यात राहावे लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास मात्र आधी सांगावे. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीचीही असते आणि टीबी औषधाने बरा होतो. म्हणून आम्ही सांगतो, ३ आठवड्यांत न जिरलेली गाठ दाखवाच. तंबाखू-मिश्री खाणाऱ्यांनी तर एक दिवसही दवडू नये.