पहिले पिस्तूल

चवथीला टिकल्यांचे पिस्तूल फोडले नाही असा मुलगा आपल्या गोव्यात शोधून सापडायचा नाही. पण घरातल्या कुणी "मला नेमबाजी शिकायची आहे, पिस्तूल हवे" म्हटले की सगळे गप्प होतात. माझ्या बहिणीच्या घरी असेच झाले, आणि हट्ट भाचीचा होता. पॅरिसला 2024 साली मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले, दोन दिवसांनी सरबज्योत सिंगसह दुसरे, आणि लगेच आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये आणखी एक. तेव्हापासून पोर मागे लागली. आजीचे म्हणणे, "चेडवाक बंदूक कित्याक?" भावोजींचे म्हणणे, घ्यायचेच तर एकदाच भारीतले घेऊन टाकू.

आजीची समजूत राही सरनोबतचे नाव सांगून काढता येते. तीही कोल्हापूरची, 2018च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी. भावोजींची समजूत काढणे कठीण. हौसेने पैसे खर्च करणाऱ्या बापाला थांबवणे आपल्या समाजात पाप समजतात. तरी मी सांगितले ते इथेही सांगतो: पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका.

मुळात आपल्याकडे बंदूक ओळखीची आहे ती वेगळ्या कामासाठी. शेतात रानडुक्कर शिरते म्हणून परवाना काढलेली, निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. दुसरी ओळख छऱ्याच्या बंदुकीची. रविवारी भाटांतून पाखरे टिपत हिंडण्यात मर्दुमकी मानणारी एक पिढी आपण पाहिली आहे. 1972च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरवला तरी ती खोड पुरती गेलेली नाही. म्हणूनच दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, "किती जोरात जाते?" आणि विकणारा तेच सांगत सुटतो.

कागदावर नेम धरणाऱ्याला या प्रश्नाचा काडीचा उपयोग नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून 4.5 मिलिमीटरचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो. हिशेब केला तर ही शक्ती पाच-सहा जूल भरते. 2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि 20 जूलपर्यंतच्या शक्तीला परवाना लागत नाही, म्हणजे आपण मर्यादेच्या कितीतरी आत आहोत. (डोळा फोडायला मात्र एवढी शक्ती पुरते. घरात ते कुलपातच हवे आणि रिकामे असले तरी कुणाकडे रोखायचे नाही.) दहा मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ असते 11.5 मिलिमीटरचे, हल्लीच्या रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्म्या रुंदीचे. उभ्याने, एका हाताने, 75 मिनिटांत 60 छरे सोडायचे. इथे जोराने काय होणार?

मग बघायचे काय? पहिली मूठ. चांगल्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकाराची असते. लहान, मध्यम, मोठी, आणि डाव्या-उजव्या हाताची वेगवेगळी. डोळे मिटून हात लांब करावा, मग डोळे उघडावे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आलेली दिसली तर मूठ आपली. ती आणायला मनगट वळवावे लागले तर ते पिस्तूल कितीही नावाजलेले असो, दुसऱ्याचे समजावे. दुसरी गोष्ट घोडा. नियमाप्रमाणे तो निदान 500 ग्रॅमच्या ओढीचा हवा. स्पर्धेआधी अर्ध्या किलोचे वजन टांगून तो तपासतात. पण ओढीपेक्षा महत्त्वाचे हे की घोडा दर वेळी त्याच जागी सुटतो का. स्वस्त पिस्तुलात तो कधी लवकर सुटतो, कधी करकरत राहतो, आणि शिकणाऱ्याला वाटते आपलाच हात वाईट.

तिसरे वजन. नियमाची कमाल मर्यादा दीड किलो आहे, बहुतेक पिस्तुले किलोच्या आसपास भरतात. पाण्याची लिटरची भरलेली बाटली हात सरळ करून मिनिटभर धरून बघा. मी भाचीला हेच करायला लावले. तिसाव्या सेकंदाला बाटली थरथरू लागली आणि भावोजी प्रथमच गप्प झाले! लहान चणीच्या मुलांसाठी आखूड नळीची हलकी पिस्तुले मिळतात, ती बघावीत. कोणता डोळा जोरकस आहे तेही आधी तपासावे. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी असेल तर ते प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

प्रकारांविषयी थोडक्यात. स्प्रिंगचे स्वस्त असते, पण साधे स्प्रिंगचे पिस्तूल झटका देते आणि त्यावर लागलेली सवय पुढे मोडावी लागते. दर वेळी तरफ ओढून हवा भरायचे पिस्तूल शिकायला फार चांगले. हात दमतो एवढेच. दाबलेल्या हवेची नळकांडी असलेली स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्डिनी ही पिस्तुले स्पर्धेची, आणि किमती लाखांत. बारुदाचे .22 पिस्तूल पंचवीस मीटरसाठी. त्याला परवाना, पोलीस चौकशी, काडतुसांचा हिशेब. पहिल्या वर्षी त्याचे नावही काढू नये.

हे सगळे हात लावून बघायला रेंजवर जावे लागते, आणि तिथे शिकाऊंसाठी ठेवलेली पिस्तुले असतात. सहा महिने त्यांवर हात बसवावा. त्या काळात काही पोरे कंटाळून फुटबॉलकडे परततात, त्यात वाईट काही नाही. जी टिकतात त्यांना स्वतःचा हात कळलेला असतो.

पॅरिसमध्येच तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो जगभर गाजला. साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र जोडीत रौप्यपदक. "बघा, काहीच लागत नाही," असे लोक म्हणाले. हातातले पिस्तूल मात्र उत्तम होते आणि मागे पाच ऑलिंपिकांची वर्षे होती. उलट मनूचे टोकियोला, 2021 साली, ऐन फेरीत पिस्तूल बिघडले, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. म्हणून भारीतले घेणाऱ्याने आधी विचारावे, बिघडले तर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग किती दिवसांत येणार.

मराठीत नेम या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आजीचा नेम म्हणजे रोजची तुळशीची पूजा. भाचीला मी सांगितले, तुझाही तोच. पिस्तूल हाती नसेल त्या दिवशी कोऱ्या भिंतीकडे हात धरून दहा मिनिटे उभे राहायचे. आजीला हे पटले, हे विशेष.

सहा महिने झाले, पोर टिकली आहे. आता एका जुन्या खेळाडूचे वापरलेले पिस्तूल बघायला जायचे आहे. वापरलेल्यात सर्वांत आधी हवेच्या नळकांड्यावरचे वर्ष वाचायचे. उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात आणि आत 200 बार दाब असतो, तेव्हा मुदत संपलेले फुकट दिले तरी नको. ते भरायला हातपंप किंवा पाणबुड्यांची मोठी टाकी लागते. आपल्या किनाऱ्यावर टाकीवाले आहेत, विचारून ठेवले आहे. राहिला पावसाळा. आपल्या खारट दमट हवेत पोलाद गंजते आणि लाकडी मूठ फुगते. बहिणीने कपाटात जागा रिकामी केली आहे, ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या आहेत, आणि छऱ्यांत शिसे असते म्हणून बेसिनपाशी वेगळा साबण ठेवला आहे. भावोजी अजून अधूनमधून मोरिनीचे फोटो पाठवतात.