‘अटीतटीचा’ : एका विशेषणाची योजना आणि समीक्षेची जबाबदारी

पदव्युत्तर स्तरावरील प्रबंधलेखनात आणि एकूणच मराठी समीक्षेत संघर्षवाचक विशेषणांची योजना सढळ हाताने होत असते. त्यांतही ‘अटीतटीचा’ हे विशेषण विशेष लोकप्रिय आहे. ‘नायिकेचा परिस्थितीशी अटीतटीचा संघर्ष’, ‘महाडचा अटीतटीचा सत्याग्रह’, ‘लेखकाने मिळविलेले अटीतटीचे यश’ अशा धर्तीची वाक्ये वाचकाच्या सहज अंगवळणी पडलेली असतात. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यांत काही वावगे नाही. ‘चा’ प्रत्ययाने सिद्ध झालेले हे विशेषण विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे यथायोग्य चालते : अटीतटीचा सामना, अटीतटीची लढत, अटीतटीचे प्रसंग. या वाक्यांतील दोष अर्थाच्या पातळीवरील आहे आणि म्हणूनच तो सहसा लक्षात येत नाही.

‘अटीतटी’ हा जोडशब्द आहे. ‘तट पडणे’ या वाक्प्रचारातील ‘तट’ त्यात कानाला जाणवतो. व्युत्पत्ती कशीही लावली तरी रूढ अर्थ स्पष्ट आहे. दोन पक्ष समोरासमोर ठाकलेले आहेत, दोघेही हट्टाला पेटलेले आहेत, दोघांचे बळ जवळपास सारखे आहे आणि निकाल अखेरपर्यंत अनिश्चित आहे, अशी स्थिती या शब्दाने सूचित होते. म्हणजेच हे विशेषण संघर्षाची केवळ तीव्रता सांगत नाही. ते दोन पक्षांमधील नाते सांगते. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या पानिपतच्या लढाईला ते शोभते. त्या दिवशी दुपारपर्यंत पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे सांगणे कठीण होते. पुढे विश्वासराव पडले, अब्दालीची राखीव फौज रणात उतरली आणि निकाल फिरला. याच न्यायाने ‘अटीतटीचे यश’ हा प्रयोग सदोष ठरतो. अटीतटी असते ती लढतीत, फळात नव्हे. ‘अटीतटीच्या लढतीनंतर मिळालेले यश’ असे म्हटले की वाक्य सुधारते.

या विशेषणाच्या आसपासच्या शब्दांशी त्याची तुलना केल्यास हा भेद अधिक ठळक होतो. ‘चुरशीचा’ या शब्दातही बरोबरी आहे, परंतु तेथे पणाला लागलेली गोष्ट लहान असली तरी चालते. वक्तृत्वस्पर्धा चुरशीची होऊ शकते. ‘घनघोर’ व ‘तुंबळ’ हे शब्द युद्धाचा आवाका आणि गदारोळ दाखवितात. ‘हातघाईचा’ या शब्दात अंतर मिटून अंगावर येण्याची कल्पना आहे. त्यातील ‘घाई’चा अर्थ त्वरा असा घेऊन ‘परीक्षा जवळ आल्याने अभ्यास हातघाईवर आला’ असे लिहिणे चूक होय. ‘निकराचा’ या शब्दाला मात्र समबळ प्रतिपक्षाची गरज नाही. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंनी खिंडीत दिलेली झुंज निकराची होती. मोठ्या फौजेचा पराभव करणे हा तिचा हेतू नव्हता. शिवाजीमहाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत शत्रूला थोपवून धरणे हा होता. ‘जीवघेणा’ हा सामासिक शब्द आघात सोसणाऱ्याच्या बाजूने बोलतो, तर ‘चिवट’ हा शब्द काळाच्या दीर्घतेतही न सुटलेली पकड सांगतो.

हा भेद दुर्लक्षिला की त्याची किंमत समीक्षेला मोजावी लागते. महाडचेच उदाहरण घेता येईल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि त्यांनी संयम राखला. या प्रसंगाला ‘अटीतटीचा’ म्हटल्याने दोन समबळ गटांची जणू झुंजच झाली, असे चित्र उभे राहते. पाणी नाकारणारा आणि ते मागणारा एकाच रेषेवर येतात व ज्या विषमतेविरुद्ध हा सत्याग्रह होता तीच वाक्यातून नाहीशी होते. तळ्याच्या हक्काचा दावा पुढे न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. न्यायासनापुढे वादी व प्रतिवादी निदान तत्त्वतः समान असतात. त्या दाव्याला ‘अटीतटीचा’ म्हणणे एक वेळ समर्थनीय ठरेल. तथापि दहा वर्षांच्या त्या लढ्याला ‘चिवट’ हाच शब्द अधिक सार्थ आहे.

आत्मकथनांच्या विवेचनात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) यांतील माणसे ज्या व्यवस्थेला तोंड देतात ती त्यांच्या तोडीची प्रतिस्पर्धी नाही. ‘जिणं आमुचं’मधील सासुरवाशिणींनी सोसलेल्या छळाला ‘सासू-सुनेचा अटीतटीचा संघर्ष’ म्हणणे म्हणजे छळाला सामन्याचे रूप देणे होय. अशा वेळी समीक्षकाचा हेतू गौरवाचा असतो, परंतु शब्द मात्र नेमका उलट साक्ष देतो.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्दांचे अर्थ विस्तारतात, रूढी हीच भाषेची खरी सत्ता आहे, आणि वृत्तपत्रांनी तर एकतर्फी निवडणुकीलाही ‘अटीतटीची लढत’ म्हटले आहे. मग हा काटेकोरपणा कशासाठी? अर्थविस्तार हा भाषेचा धर्म आहे, हे मान्यच आहे. मात्र विस्तारात भाषेला काही नवे मिळते. येथे असलेला भेद पुसला जातो एवढेच. वृत्तपत्राच्या मथळ्याला उत्कंठा हवी असते, समीक्षेला निश्चिती. जी सवलत पहिल्याला मिळते तिच्यावर दुसरीने हक्क सांगू नये.

अध्यापनात या दृष्टीने एक साधा उपाय योजता येण्यासारखा आहे. विद्यार्थ्याच्या लेखनात संघर्षवाचक विशेषण आढळताच ते केवळ खोडण्याऐवजी त्याला विचारावे : पक्ष किती आहेत, त्यांचे बळ सारखे आहे काय, आणि निकाल खरोखरच अनिश्चित होता काय? या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्याला पुन्हा साहित्यकृतीकडेच जावे लागते. विशेषण बदलले तर भाषा सुधारते. ते का बदलले हे उमगले तर त्या कृतीतील सत्तासंबंध त्याच्या वाचनात प्रथमच स्पष्ट होतात.