‘दोन बाटल्या चढवा’ म्हणण्याआधी

असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल : ‘अर्जंट! पंचवटीत पेशंट अ‍ॅडमिट, ओ पॉझिटिव्हच्या दोन बाटल्या पाहिजेत.’ मग कारंजापासून तपोवनापर्यंतची पोरं बाइकला किक मारून रक्तपेढीत हजर. या धावपळीला नावं ठेवायची नाहीत. पण त्या गडबडीत एक प्रश्न राहून जातो : पेशंटला रक्त खरंच हवंय का, आणि किती?

अपघात झाला, बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तर तिथे चर्चा नको. थॅलेसेमियाच्या मुलांचं तर दर दोन-चार आठवड्यांनी मिळणाऱ्या पिशवीवरच सगळं चालतं. (हो, आता बाटली नाही, पिशवी असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा फक्त लाल पेशी असतात.) पण आपल्याकडे रक्त म्हणजे टॉनिक! हिमोग्लोबिन साडेआठ आलं, चेहरा उतरला, की नातेवाईकच डॉक्टरांच्या मागे लागतात.

कॅनडातल्या अतिदक्षता विभागांमध्ये याची तपासणी झाली. काही रुग्णांना हिमोग्लोबिन दहाच्या खाली जाताच रक्त दिलं, काहींना सातच्या खाली गेल्यावरच. १९९९ साली निष्कर्ष आला : हात राखून रक्त दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले नाहीत. तेव्हापासून स्थिर रुग्णासाठी साधारण सात ही रेघ मानतात. हृदयविकार असेल तर ती वर सरकते. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये तर रक्त राखून देणं महागात पडू शकतं. आकडा एकटा काही सांगत नाही, पेशंटकडे बघावंच लागतं.

धोके म्हटलं की आपल्याला एचआयव्ही आठवतो. त्याची तपासणी प्रत्येक पिशवीची होते. चूक घडते ती बहुधा साधी : नमुन्यावर दुसऱ्याचं नाव, पिशवी भलत्याच कॉटवर. म्हाताऱ्या माणसाला भराभर रक्त दिलं तर फुप्फुसात पाणी साचतं. वारंवार घेणाऱ्याच्या यकृतात, हृदयात लोह साठत जातं. आणि ‘सख्ख्या भावाचंच रक्त द्या’ हा हट्ट? रक्ताच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णावरच उलटतात, आणि तो आजार बहुतेकदा जीव घेतो. पिशवीला किरणोत्सर्ग दिल्याशिवाय असं रक्त टाळतात.

महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायका-मुलींना अ‍ॅनिमिया आहे. कॉलेजातल्या ज्या मैत्रिणीला जिना चढताना धाप लागते, तिला बहुधा लोहाच्या गोळ्या लागतील, पिशवी नाही. डॉक्टरांना विचारायला लाजू नका : आकडा किती, त्रास काय, एक पिशवी देऊन पुन्हा तपासू या का?

आणि रक्त द्या, पण मेसेजची वाट बघू नका. आज दिलेलं रक्त तपासण्या झाल्याशिवाय कुणाला देता येत नाही. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. रात्री दोन वाजता ज्याला रक्त लागेल, त्याची पिशवी तिथे आधीच तपासून ठेवलेली असावी लागते.